शिपाई की रणगाडा

लग्न होऊन या घरात आले त्याला पंधरवडाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते आणि पलीकडे दुकानात बापलेकांची जुंपली होती. मध्ये फळ्यांची भिंत. भिंतीला कान असायची गरज नव्हती, माझे होते ना.

“तू घड्याळं दुरुस्त करतोस का लग्नं जुळवतोस?” हे मामंजी, माझे सासरे. “ती बाई घड्याळ घेऊन आली. घ्यायचं, उघडायचं, बघायचं. ते तिला आवडतं का, कधीपासून घालते, कोणत्या हाताला घालते, या कसल्या चौकशा? अर्धा तास गेला!”

“आवडतं का विचारलं तर काय बिघडलं, बाबा?” हे भाऊजी, माझे धाकटे दीर.

“मालक खोटं बोलतो. घड्याळ बोलत नाही. चाळीस वर्षं झाली, मी मालकाच्या तोंडाकडे बघितलेलं नाही.”

“म्हणून तर चाळीस वर्षं तीच ती घड्याळं परत येतात.”

मग खणकन काहीतरी पडलं आणि सगळं गप्प झालं. ते गप्प झालं ते दहा दिवस. दुकान एवढंसं, दोन टेबलं पाठीला पाठ लावून मांडलेली. दोघं तसेच बसायचे आणि मध्ये मी. “सूनबाई, त्यांना सांगा, बारका चिमटा द्या म्हणावं.” “वहिनी, बाबांना सांगा, बारका चिमटा त्यांच्याच पुढ्यात आहे.” नवी नवरी मी, तोंड वर करून बोलायची चोरी, पण दहा दिवसांत घड्याळजीच्या सगळ्या हत्यारांची नावं पाठ झाली. शाळेत चार इयत्तांत इतकं शिकले नव्हते.

भांडण कोणी जिंकलं नाही. मामंजी पुढे सहा वर्षांनी गेले, तोवर त्यांनी मान वर केली नाही. आणि भाऊजींनी विचारायचं सोडलं नाही. उलट एक वही केली. जाडजूड, कापडी पुठ्ठ्याची. ओळीच्या सुरुवातीला घड्याळ, मग त्याचा आजार, आणि शेवटी मालकाचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत. ‘बायकोने दिलंय, चांगलंच असणार.’ ‘फार छान आहे, घालत नाही.’ ‘बंद पडलं तेव्हा बरं वाटलं.’ आमचे हे म्हणायचे, घड्याळ उघडायच्या आधी भाऊ मालक उघडतो. हे बेकरीत भट्टीवर होते. पीठ कधी खोटं बोलत नाही, त्यामुळे त्यांना भावाचं भारी नवल.

भाऊजी दिसायला किडकिडीत. उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ कायमचा उमटलेला, जणू एकाच डोळ्याला चष्मा. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, “दुकानात तिसरी खुर्ची मावत नाही.” मामंजी गेल्यावर दुसरी खुर्ची रिकामी झाली. तीही त्यांनी मालकांनाच देऊन टाकली. माणूस तिच्यावर बसायचा, घड्याळ काढायचा आणि सुरू व्हायचा. बसायला जागा मिळाली की माणूस जास्त बोलतो, हे मला वाण्याकडच्या बाकावरून माहीत होतं. भाऊजींना खुर्चीवरून कळलं.

आता दोन घड्याळांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या काळात आमच्या गावात फौजी थाटाच्या मनगटी घड्याळांची टूम निघाली होती. दोन तऱ्हा होत्या. एक बारकं, तसं जुनंच चालत आलेलं, किल्लीचं, काळी तबकडी, मोठे पांढरे आकडे, हिरवट कापडी पट्टा. काट्यांना असा रंग लावलेला की अंधारात आपोआप उजळायचे. त्याला सगळे शिपाई म्हणत. दुसरं सेलवरचं, बशीएवढं, काळ्या रबरात गुंडाळलेलं, बाजूला चार बटणं, आत आकडे लुकलुकणारे. तो रणगाडा. दोन्ही म्हणे सैन्यातल्या घड्याळांबरहुकूम केलेली. लढाई त्यांनी दुकानाच्या काचेतून बघितली असेल तेवढीच. पण ज्याच्या हातात शिपाई, तो रणगाड्याला हसायचा आणि रणगाडेवाला शिपायाची कीव करायचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. भाऊजींच्या खुर्चीवर रोज एक तरी बाब्या येऊन बसायचाच.

माझी लेक तेव्हा नुकतीच अग्निशमन दलात लागली होती. तिला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणापासून आपल्या दुप्पट वजन उचलायची खोड. त्या केंद्रात ती एकटी मुलगी, बाकी एकवीस बापे. मी हो नाही म्हटलं नाही, पण ती घरी येईपर्यंत दाराला कडी लावायची नाही. एकदा तिने मला समजावून सांगितलं. धुरात जायचं तर पाठीवर हवेची टाकी असते, तोंडाला मुखवटा. हवा वीस-बावीस मिनिटं पुरते. टाकीला काटा असतो, हवा संपत आली की शिट्टीही वाजते, पण त्यांच्या साहेबांचा नियम होता, शिट्टीची वाट बघायची नाही. आत जाताना साहेब आपल्या घड्याळातली वेळ दाराशी फळ्यावर लिहितात, ती धरून चालायचं, मनगटावर सतरा मिनिटं झाली की हातातलं काम टाकून मागे फिरायचं.

“मग त्यात काय अवघड?” मी म्हटलं.

“आई, आत काही दिसत नाही. ऐकू येतो तो आपलाच श्वास. दहा मिनिटं झाली तरी दोनच झाली असं वाटतं. मनाला विचारलं तर मन म्हणतं, थांब अजून. मनगटाचंच ऐकावं लागतं.”

म्हणजे माझ्या लेकीचा जीव मनगटावरच्या एका वस्तूवर. त्या दिवसापासून मी घड्याळाकडे निराळ्या नजरेने बघायला लागले.

आणि तेव्हाच केंद्राला सगळ्यांसाठी घड्याळं घ्यायची मंजुरी आली. बावीस, सगळी एकाच तऱ्हेची. शिपाई की रणगाडा, ते केंद्राने कळवायचं. तिथे अकरा जण इकडे, अकरा तिकडे. मुंगी सांगायची, जेवणाच्या टेबलावर दोन पंगती पडल्यात, मीठसुद्धा एकमेकांना देत नाहीत. शेवटी तीच बोलून गेली, “आमचे काका घड्याळजी आहेत. त्यांच्या वहीत मालकांचं म्हणणं लिहिलेलं असतं, वीस-बावीस वर्षांचं.” साहेबांनी चिठ्ठी पाठवली. काकांनी वही बघून मत द्यावं, सोमवारी मागणी जाईल.

भाऊजींनी चिठ्ठी चारदा वाचली. त्या वहीवरून बापाचे टोमणे खाल्ले, आमच्या ह्यांची थट्टा खाल्ली. आजवर कोणी ती मागितली नव्हती. बुधवारी, गुरुवारी त्यांनी दुकानात घड्याळ उघडलं नाही. एका कागदावर शिपाई, एकावर रणगाडा, आणि वहीतून एकेक ओळ वेचून उतरवली. मला वाचून दाखवायचे, मी भाजी निवडता निवडता ऐकायची.

शिपायाच्या कागदावर नुसती रड. ‘आठवड्याला दोन मिनिटं मागे पडतं.’ ‘रोज किल्ली द्या, जसं काही तान्हं बाळ.’ ‘काचेवर ओरखडे फार.’ ‘पट्टा कुबट वास मारतो.’ एकोणतीस तक्रारी आणि कौतुक चार. रणगाड्याच्या कागदावर नुसता जयजयकार. ‘एक नंबर.’ ‘पाण्यात, आगीत, कुठेही न्या.’ ‘सेकंदही चुकत नाही.’ ‘लोक थांबवून विचारतात.’ कौतुक सव्वीस, तक्रारी तीन, त्यातली एक तर पट्ट्याच्या रंगाची.

“झालं की!” भाऊजी म्हणाले. “आंधळ्यालाही दिसेल.”

शुक्रवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते केंद्रात गेले, दोन्ही कागद वाचले आणि रणगाडा म्हणून आले. साहेबांनी तिथल्या तिथे मागणीचा कागद भरून सही केली. टपाल सोमवारी जायचं होतं. मुंगी दुपारी जेवायला घरी येऊन म्हणाली, “काकांनी काय भाषण ठोकलं! शिपाईवाल्यांची तोंडं बघायला हवी होती.” भाऊजी नुसते हसले, पण त्या दिवशी एक पोळी जास्त खाल्ली.

आता यापुढे मी जे बोलले ते काही शहाणपणाने बोलले नाही. त्याच दुपारचा चहा होता. मुंगी परत कामावर. बोलता बोलता मी माझ्या वहिनीची गोष्ट काढली. ती सहा वर्षांतून एकदा आमच्याकडे येते आणि प्रत्येक घासाला ‘वा, काय हात आहे तुमचा!’ म्हणते. आणि आमचे हे, जन्मभर माझ्या हातचं खातात, ते रोज म्हणतात मीठ कमी आहे.

“पाहुणा कौतुक करतो आणि घरचा नावं ठेवतो,” मी म्हटलं. “पण रोज जेवतो कोण, भाऊजी?”

भाऊजींची कपबशी वर जाता जाता मध्येच थांबली.

“काय म्हणालात?”

“काही नाही हो, मिठाचं.”

“नाही, रोज जेवतो कोण, असं म्हणालात.” त्यांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच टाकला. मग उठले, वही आणली आणि बोट ठेवून ओळी वाचायला लागले. या वेळी मालकाचं म्हणणं नाही, मधलं, आजाराचं. “वहिनी, हे बघा. रणगाडा, सेल बदलणे. रणगाडा, सेल बदलणे. पट्टा. सेल. कोणाचंच घड्याळ झिजलेलं नाही. शिपाई, काच बदलणे. शिपाई, किल्लीची मूठ झिजली. शिपाई, आत घामाची वाफ. ही घड्याळं राबतात. ती कपाटात झोपतात.” त्यांनी वही मिटली. “मी पाहुण्यांची मतं मोजली. मोजली आणि पोरीच्या मनगटावर बांधायला निघालो.”

“कदाचित रणगाडा चांगलाही असेल,” मी म्हटलं. मलाच धीर द्यायचा होता.

“असेलही. पण मला माहीत नाही. आणि माहीत नसताना मी माहीत असल्यासारखं बोलून आलो.”

शनिवारी सकाळी दुकानाला कुलूप. ते काखेत वही मारून निघाले आणि मला म्हणाले, “वहिनी, तुम्हीही चला. मी एकटा गेलो तर लोकांना वाटेल घड्याळजी काहीतरी खपवायला आलाय.” मीही चप्पल अडकवली. माझा जीव काही घरात रमत नव्हता.

पहिला रंगाच्या दुकानाचा मालक. वहीत त्याचे शब्द होते, ‘पन्नास मीटर खोल पाण्यात चालतं.’

“चालतं म्हणजे काय! पळतं!” तो म्हणाला.

“आपण पोहता का?” भाऊजींनी विचारलं.

“छे हो! मला अंघोळीच्या बादलीची भीती वाटते.” आणि त्याने कपाटातून डबी काढली, डबीतून पिशवी, पिशवीतून रणगाडा. त्यावरचा पातळ कागदसुद्धा अजून सोललेला नव्हता. “रोज घालून खराब का करायचं?”

दुसऱ्या एकाने रणगाडा मेहुण्याला दिला होता. ‘सेकंदही चुकत नाही’ म्हणणारा तो हाच. “चुकत नाही हो, पण कोपरापर्यंत हात दुखतो. नाकापेक्षा मोती जड.” तिसऱ्याच्या बायकोने दार उघडलं आणि नवऱ्याला बोलूच दिलं नाही. “ते काळं धूड? ते खुंटीला आहे. त्यांना वेळ बघायची असली की मला हाक मारतात.”

मग आम्ही शिपाईवाल्यांकडे वळलो. एक निवृत्त सुईण होती, माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. शिपाई तिच्या मनगटावर एकोणीस वर्षं.

“कसलं मेलं घड्याळ!” तिने सुरुवातच अशी केली. “दर आठवड्याला दोन मिनिटं मागे. तुमच्याकडे आणलं की महिनाभर गुणी बाळ, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. किल्ली विसरलं की रुसून बसतं. काच तर म्हशीने चाटल्यासारखी.”

“मग बदललं का नाही?” भाऊजी म्हणाले.

तिने भाऊजींकडे असं बघितलं, जसं काही त्यांनी तिला घटस्फोट घ्यायला सांगितलं. “बदलू कशाला? दोन मिनिटं मागे पडतं, हे मला माहीत आहे. दर शनिवारी पुढे करते. नवं घड्याळ कधी काय करील ते कोणी सांगावं? माझ्या हातात पोरं जन्मली हो, किती वेळाने रडली ते मी यात बघितलंय.”

भाऊजींनी ते उभ्याउभ्या वहीत लिहून घेतलं. पुढच्या चार घरांतही तेच गाऱ्हाणं, शब्द तेवढे निराळे. सगळे शिव्या देत होते आणि सगळ्यांच्या मनगटावर ते होतं.

शेवटी उरला एकच. बर्फाच्या कोठारातला हमाल. रणगाड्याच्या सव्वीस कौतुकांत हा एकच असा, की ज्याचं काम अंगमेहनतीचं. त्याचे शब्द होते ‘एक नंबर’. मला वाटलं, हा म्हणेल चांगलं आहे, आणि आपण घरी जाऊ. कोठाराच्या दाराशी तो भेटला, जाड हातमोजे, कानावर टोपी. मनगट मात्र उघडं.

“घड्याळ?” भाऊजी म्हणाले.

त्याने खिशातून काढलं. “इथे असतं.”

“हाताला का नाही?”

“अहो काका, हातमोजा घातला, मनगट वाकवलं की बटण दाबलं जातं. एकदा का ते दाबलं गेलं की वेळ गायब. भलतंच काहीतरी लुकलुकायला लागतं. मग हातमोजा काढा, दुसरं बटण दाबा, तिसरं दाबा. पेटी डोक्यावर घेऊन हे कोण करणार?”

“मग मला एक नंबर का म्हणालात?”

तो लाजला. एवढा दांडगा माणूस, पण लाजला. “तेव्हा नवं होतं ना. आणि तुम्ही तोंडावर विचारलंत. आपल्या हाताने आणलेल्या वस्तूला कोण वाईट म्हणेल? आपणच मूर्ख ठरतो.”

“घालून दाखवता?”

त्याने घड्याळ बांधलं, वर हातमोजा चढवला, खाली वाकून पेटी उचलल्यासारखं केलं आणि मनगट आमच्यापुढे धरलं. अकरा वाजून चाळीस मिनिटं असायला हवी होती. तिथे शून्य, शून्य, आणि पुढे धावणारे आकडे.

येताना भाऊजींनी हमालाचे शब्द वहीत लिहून घेतले. मला त्या आकड्यांच्या जागी धूर दिसत होता.

रविवारी मी त्यांना म्हटलं, “मुंगीला सांगा, ती कळवेल साहेबांना.” कारण मला माहीत होतं, त्या माणसाला चारचौघांत बोलायचं म्हणजे संकट, आणि बोललेलं गिळायचं म्हणजे तर मरण. शुक्रवारी ज्यांची तोंडं पाडून आले, त्यांच्यासमोर जायचं होतं.

“मत पोरीने दिलं नव्हतं,” ते म्हणाले. “मी दिलं होतं.”

सोमवारी सकाळी हजेरीच्या वेळी आम्ही दोघं केंद्रात. मी दाराशी उभी राहिले. मोठा लाल बंब, धुतलेली फरशी, खुंट्यांवर ओळीने कोट आणि बावीस माणसं रांगेत. मुंगी टोकाला. भाऊजी वही छातीशी धरून म्हणाले, “माझं चुकलं. रणगाडा घेऊ नका.”

शिपाईवाल्या बाजूने कोणीतरी शिट्टी मारली. साहेब मात्र चिडले. माणूस वाईट नव्हता, पण सही झालेली होती. “घड्याळकाका, तुमची वही बघून मी सही केली. आता वही बदलली का?”

“वही तीच आहे साहेब. वाचणारा चुकला.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. रंगवाल्याची डबी, खुंटीवरचं धूड, हमालाचा हातमोजा, काही लपवलं नाही.

“हमाल एक, कौतुक सव्वीस,” साहेब म्हणाले.

“सव्वीस जण धुरात जात नाहीत.”

साहेबांनी मान खाजवली. केंद्रात सरावाची एक खोली होती, खिडक्या बुजवलेल्या, आत आडवेतिडवे बोगदे. तिथे रांगत जायचं आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर यायचं. “जा गं,” ते मुंगीला म्हणाले. “यांच्याकडून मागून दोन्ही घड्याळं घाल.” तिने कोटाच्या बाह्यांवरून एका हाताला शिपाई बांधला, दुसऱ्याला रणगाडा. हातमोजे, मुखवटा, पाठीवर टाकी, आणि ती त्या काळ्या भोकात गेली. साहेबांनी दाराशी फळ्यावर खडूने वेळ लिहिली. नुसता सराव होता, मला माहीत होतं. तरी मी दाराची चौकट धरली होती.

ती बाहेर आली तेव्हा हात पुढे करून उभी राहिली. डाव्या हाताला रणगाडा. त्यावर भलतीच तारीख. उजव्या हाताला शिपाई. साहेबांनी फळा बघितला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

“हे बरोबर आहे.”

“आत दिसलं का?” भाऊजींनी मुंगीला विचारलं.

“हे दिसलं. ते मोठं घड्याळ बटण दाबल्याशिवाय उजळत नाही, आणि कुठलं बटण ते हातमोज्यातून कळत नाही.”

पण साहेब हुशार. “आणि किल्ली? माझी ही बावीस माणसं जेवायचं विसरत नाहीत, बाकी सगळं विसरतात. ऐन वेळी घड्याळ बंद पडलं, तर? आणि ते दोन मिनिटं मागे?”

मला वाटलं, अडकलं. आगीतून फुफाट्यात. भाऊजींनी मात्र याचा विचार रविवारी केलेला दिसला.

“हजेरीला नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं आणि किल्ली द्यायची. सगळ्यांनी एकदम, तुमच्यासमोर. आणि मागे पडायचं म्हणाल तर दर शनिवारी मी येईन. सगळी लावून देईन.”

“दर शनिवारी?”

“दर शनिवारी.”

“किती दिवस?”

“ती धुरात जाते आहे तोवर,” भाऊजी म्हणाले, मुंगीकडे न बघता.

साहेबांनी मागणीचा कागद मागवला आणि जुनी सही खोडून नवी केली. रणगाडेवाले आठवडाभर भाऊजींना ‘पलटीकाका’ म्हणत होते. भाऊजी म्हणाले, म्हणू देत, रस्ता चुकला तर बंबसुद्धा मागे वळतो.

शनिवार काही चुकला नाही. दहा वर्षं. पायी जायचे, खांद्याला कापडी पिशवी, तीत भिंग, दोन चिमटे, पट्ट्याच्या पिना आणि वही. टेबलाशी बसून एकेकाचं घड्याळ घ्यायचे, वेळ लावायचे आणि विचारायचे, “काय म्हणतंय?” मग त्यांच्या तक्रारी. त्या जितक्या जास्त, तितके भाऊजी खूश. कोणी ‘छान चाललंय’ म्हटलं की त्याचं घड्याळ उघडून दोनदा बघायचे.

तिसऱ्या वर्षी गाद्यांच्या गोदामाला आग लागली. मुंगी आत होती. घरी आली ती भूक भूक करत, केसांना धुराचा वास. जेवता जेवता सहज म्हणाली, “मला वाटलं चार मिनिटं झाली असतील. एक कोपरा राहिला होता, म्हटलं बघून येते. मनगट बघितलं तर सतरा. फिरले. दाराशी आले आणि शिट्टी वाजली.”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. भाऊजी समोर बसले होते. त्यांनी घास गिळला.

“मागे किती होतं?”

“बाहेर येऊन बघितलं. एक मिनिट.”

“म्हणजे अठरा,” भाऊजी म्हणाले. “यापुढे बुधवारीही येत जाईन.” आणि उठून त्यांनी वहीत लिहिलं. मी नंतर जाऊन वाचलं. ‘शिपाई. एक मिनिट मागे. मालकाचं म्हणणं: भूक लागली.’

ते गेले ते एका मंगळवारी सकाळी, खुर्चीतच, कोणाला त्रास न देता. त्याचं मी फारसं सांगत नाही. त्याच्या आधीच्या शनिवारचं सांगते.

त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले होते, कारण गुडघे दुखत होते, त्यांचे. माझेही, पण ते वेगळं. वाटेत दोनदा थांबलो. फाटकाशी रजिस्टरात त्यांनी येण्याची वेळ लिहिली. टेबल पुसलं, पिशवी उघडली, भिंग डोळ्याला लावलं. एका ड्रायव्हरच्या पट्ट्याची पीन बदलली. एकजण म्हणाला, वाफ धरते. ते उघडून, पुसून, रबराची कडी नवी बसवून दिलं. दोघं सुट्टीवर होते, त्यांची घड्याळं खणातून काढून लावली, किल्ली दिली, परत ठेवली. मुंगी आता पाळीची प्रमुख, ती सगळ्यांत शेवटी आली आणि मनगट पुढे केलं.

“काय म्हणतंय?”

“मागे पडतं, काका. आणि काच बदला, काही दिसत नाही.”

“काच बुधवारी आणतो. मागे किती?”

“पाऊण मिनिट.”

त्यांनी किल्लीची मूठ ओढली, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबले आणि मूठ दाबली. वहीत दोन ओळी लिहिल्या. हत्यारं एकेक करून पिशवीत ठेवली. फाटकाशी जाण्याची वेळ लिहिली, अकरा दहा, आणि आम्ही घरी आलो.